दस्त्यात आणि नळीवर लिहिलेलं

आदिलाबाद जिल्ह्यातलं बेला मंडल पैनगंगेच्या अलीकडे, पलीकडे महाराष्ट्र. शेतं कापसाची, सोयाबीनची, तुरीची आणि घरातली बोली मराठी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा होता. मग तो हैदराबाद राज्यात राहिला, १९५६ ला आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. १९५६ मध्येच राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून महाराष्ट्राच्या बाजूला आला. राज्यं बदलली तशी सरकारी कागदांची भाषाही बदलत गेली: आधी उर्दू, मग इंग्रजी, तेलुगू. या सगळ्या उलथापालथीत जुन्या दुनळी बंदुकीवर कोरलेला नंबर मात्र कुणी बदलला नाही. तिचा खरा दाखला तोच आहे, आणि तो वाचायची सवय आपल्याला नाही, याची मला खंत वाटते.

परवान्यावर बंदुकीची ओळख एका ओळीत आटोपते: ‘१२ बोअर, डीबीबीएल, नंबर अमुक’. डीबीबीएल म्हणजे दोन नळ्यांची, मागून काडतूस भरायची. ठासणीच्या बंदुकीपासून तिला वेगळं काढायला एवढं पुरतं. पोलिसांच्या कामाला ते पुरेसं असेल, इतिहासाला नाही.

बारा बोअर हे मापच जुन्या हिशेबातून आलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास होईल, तो नळीचा व्यास. आजच्या मापात साधारण १८.५ मिलिमीटर.

आता बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, परवानाधारकाच्या हातूनच, ती उघडून नळ्या सोडवाव्यात आणि उलट्या धराव्यात. खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. इंग्लंडमध्ये विकायची प्रत्येक नळी जास्त दारू भरून उडवून पाहणं कायद्याने बंधनकारक होतं, आणि त्यात टिकलेल्या नळीवर हे ठसे मारत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. हे ठसे म्हणजे जन्मपत्रिकाच. चौकटीत १२ आणि त्याखाली ‘सी’ असेल तर बंदूक १८८७ नंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द असतील तर ती १८७५ ते १८८७ या काळातली. नळीचं तोंड आवळलेलं, म्हणून एकसंध गोळी वापरू नका, असा तो इशारा. १९५४ नंतरच्या बऱ्याच इंग्लिश नळ्यांवर दाब टनांत लिहिलेला असतो.

यात जिवाशी गाठ असलेली एक बाब आहे. जुन्या इंग्लिश बारा बोअरचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजची पुष्कळ काडतुसं ७० मिलिमीटरची. लांब काडतूस आखूड घरातही बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यातून नळी वळ्यांची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असेल, तर ठसे न वाचता ती उडवणं हा वेडेपणा आहे.

आता दस्ता. मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच. चांगला दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, तेल मुरवलेला. त्याची मापं अंगाला कपडा बेतावा तशी घेत. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंतची लांबी बहुतेक सव्वाचौदा इंचांच्या आसपास. नळीच्या रेषेपासून गालाजवळचा उतार दीड इंच, टोकाला दोन. उजव्या खांद्याच्या माणसासाठी दस्ता किंचित उजवीकडे कललेला. साहेबाच्या मापाची बंदूक पुढे दुसऱ्याच्या हाती गेली की टोक कापलं जाई. खालच्या बाजूला जडवलेली आद्याक्षरांची अंडाकृती चकती मग टोकाच्या फार जवळ दिसते, किंवा टोकावरची जाळीदार कोर अर्धवटच राहिलेली असते. दस्ता फुटून नवा बसवला असेल तर दस्त्याच्या आणि पुढच्या लाकडाच्या रेषा व रंग जुळत नाहीत.

नंबर एकाच जागी नसतो. नळ्यांवर, यंत्राच्या पोलादात, चापाच्या कमानीच्या शेपटीवर तो तपासावा. सगळे जुळले तर बंदूक मूळच्याच भागांची आहे. नळीच्या पट्टीवर सोन्याने ‘२’ जडवलेला दिसला तर ती जोडीतली धाकटी. तिची थोरली बहीण कुठेतरी दुसऱ्याच घरात असणार.

हा नंबर हाती आला की पुढचं दार उघडतं. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स या घराण्यांनी आपल्या वह्या जपल्या. नंबर सांगितला की बंदूक कधी पुरी झाली, कुणासाठी केली, नळ्या किती इंची आणि दस्त्याची मापं काय, हे अनेकदा सापडतं. आपल्याकडे आलेल्या पुष्कळ बंदुकांवर मात्र विकणाऱ्याचं नाव असतं, करणाऱ्याचं नाही. कलकत्त्याच्या मॅन्टन आणि रॉडा या पेढ्यांची नावं त्यांत वारंवार येतात. रॉडाकडून २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली, म्हणून ते नाव इतिहासातही आलं. बंदुकांवर आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचंही नाव दिसतं. मुंबईत काळा घोड्याजवळ त्यांची इमारत आजही उभी आहे. अशा बंदुकीचा करणारा शोधायचा तर ठसे आणि कारागिरी यांवरच भिस्त ठेवावी लागते. लहान कारखान्यांच्या वह्या कित्येकदा उरल्याच नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली. उरलं ते घराचं रक्षण आणि रानडुकरापासून, रोह्यापासून पिकाचं रक्षण. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, काडतुसं बरीचशी आपल्या खडकीच्या कारखान्यातून येऊ लागली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली. परवानाधारक गेला की वारसांना बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि ठरल्या मुदतीत कुणी नावावर करून घेतली नाही तर ती सरकारजमा होते. असल्या बंदुकीबरोबर दस्त्याची मापं आणि नळीवरचे ठसेही जातात. मागे राहते ती परवान्यावरची एक ओळ.

म्हणून बेल्यातच नव्हे, सीमेवरच्या प्रत्येक घरात जमा करण्याआधी एक काम व्हावं. ठशांचे जवळून फोटो, तिन्ही जागचे नंबर, नळ्यांची आणि दस्त्याची लांबी, चकतीवरची अक्षरं, कापल्याच्या खुणा: सगळं वहीत उतरवावं, आणि बंदूक कुणी, कधी घेतली ही घरातली आठवणही सोबत लिहावी. मात्र दाखवण्यासाठी बंदूक घेऊन पैनगंगा ओलांडू नये. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि पलीकडचा काठ त्या क्षेत्रात असेलच असं नाही. न्यायची ती वही न्यावी.