ऐंशीच्या उंबरठ्यावर आतड्याची तपासणी

वडीलधाऱ्या माणसाच्या शौचावाटे रक्त जाऊ लागले, तर ती वार्ता घरातल्या इतरांच्या कानी यायला महिने लागतात. आमच्या घरी आठ लागले. आमचे तीर्थरूप, ज्यांना सारे नाना म्हणतात, त्या वेळी ७९ वर्षांचे होते. रक्त पडते हे त्यांना ठाऊक होते, आईलाही ठाऊक होते. परंतु उभयतांनी त्याला 'मूळव्याध' असे नाव देऊन टाकले होते, आणि नाव मिळाले की रोगाची भीती निम्मी होते. सुरणाची भाजी, ताक, रात्री त्रिफळा असा क्रम चालू होता. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात!

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी करावी, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावर घरात जे झाले ते वाचकांच्या ओळखीचे असेल. "या वयात त्यांचे हाल कशाला?" असे आमचे मेहुणे म्हणाले, आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते.

ही तपासणी तशी अलीकडची. १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. वुल्फ व डॉ. शिन्या यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास घालून आतड्यातले मांसांकुर पोट न उघडता काढून दाखविले. या मांसांकुरांपैकी काहींचा पुढे कर्करोग होतो, पण त्याला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात. साऱ्या प्रश्नाचे मर्म या दहा वर्षांत आहे. काहीही तक्रार नसताना ८० व्या वर्षी तपासणी केली, तर तिचा लाभ नव्वदीच्या आसपास पदरात पडणार. अपाय व्हायचा तर तो त्याच आठवड्यात होतो. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका एकंदरीत हजारात एकाहूनही कमी, परंतु वयाबरोबर आणि जडलेल्या आजारांबरोबर तो वाढत जातो. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२१ साली असे ठरविले, की निरोगी माणसांची तपासणी ४५ ते ७५ या वयात करावी, ७६ ते ८५ मध्ये प्रकृती पाहून ठरवावे आणि पुढे करू नये.

निरोगी माणसांतला लाभही वाटतो तेवढा मोठा नाही. नॉर्वे, पोलंड व स्वीडनमधील सुमारे ८५ हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तपासणीचे निमंत्रण दिलेल्यांत दहा वर्षांत दर दहा हजारी ९८ जणांना हा कर्करोग झाला, न दिलेल्यांत १२० जणांना. निमंत्रितांपैकी शेकडा ४२ च तपासणीस आले होते, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय अभ्यासाच्या आरंभी ही सारी मंडळी ५५ ते ६४ वर्षांची होती. नानांच्या वयाचे त्यांत कोणी नव्हते.

परंतु नाना निरोगी नव्हतेच, आणि आमची गफलत झाली ती येथे. रक्त जाणे, कारणाविना पांडुरोग होणे, वजन घटणे, शौचाची सवय एकाएकी पालटणे, यांपैकी काही असेल तर प्रश्न दहा वर्षांनंतरचा राहत नाही, आजचा होतो. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन १९८५ च्या जुलैत ७४ वर्षांचे होते. एका लहान मांसांकुरासाठी त्यांची ही तपासणी झाली आणि आतड्याच्या पार दुसऱ्या टोकाला मोठी गाठ सापडली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. गाठीत कर्करोग निघाला. त्यानंतर ते जवळजवळ १९ वर्षे जगले.

नानांची तपासणी ठरली. लोक दुर्बिणीला भितात; आमच्या मते भ्यावे ते आदल्या रात्रीला. पोट साफ करण्याची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून घोट घोट संपवायची, आणि मग रात्रभर खोली ते संडास अशा येरझारा. म्हातारा माणूस अशा वेळी अंधारात पडतो, हाड मोडते. आम्ही वाटेतली सतरंजी काढली, दिवा जळत ठेवला आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो. एक गोष्ट मात्र राहून गेली. तपासणी केंद्रातून हाती पडलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि मधुमेहाच्या गोळीबद्दल कोणी तोंडाने काही सांगितले नव्हते. नानांनी पोट रिकामे असताना नेमाने ती घेतली. पहाटे पाचला त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. साखरेचे पाणी पाजले, तेव्हा कोठे सावरले. मधुमेहाची, रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, अशा प्रत्येक गोळीविषयी आधी विचारून घ्यावे. मूत्रपिंडे दुर्बळ असतील तर पावडर कोणती, हेही विचारावे, कारण फॉस्फेटयुक्त औषधे त्यांना बाधतात.

तपासणी अर्ध्या तासात आटोपली. उजव्या बाजूस गाठ होती. शस्त्रक्रिया झाली. नाना आता ८३ वर्षांचे आहेत आणि सुरणाची भाजी पानात वाढू देत नाहीत.

त्यानंतर आईने, तेव्हा ती ७८ वर्षांची होती, "माझीही करून टाका" असा हट्ट धरला. तिला तक्रार काही नव्हती, हृदय मात्र अधू. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, चार प्रश्न विचारले आणि "आजी, तुम्हांला गरज नाही" म्हणून घरी धाडले. तिला ते फारसे रुचले नाही. मग ते आमच्याकडे वळले. वडिलांना हा रोग झालेला आणि आम्ही पन्नाशी ओलांडलेले, तेव्हा तपासणी आमचीच व्हायला हवी होती.

त्या रात्री दाराशी खुर्ची टाकून नाना बसले होते. पेला अर्धा राहिला की म्हणत, "मास्तर, संपवा. मी संपवला होता."