वृद्ध वाहनचालक : तपासणी कशासाठी व कशी ?

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळाची आम्हांस सूचना आली. धार आणि देवास या दोन गावांतील ट्रस्टच्या कार्याविषयी, शिष्यवृत्त्यांविषयी, औषधोपचाराच्या मदतीविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही आज अशा एका विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो की, जो बहुतेक घरांत आहे. परंतु ज्याविषयी कोणत्याच घरात मोकळेपणाने बोलले जात नाही. तो विषय म्हणजे वाहन चालविणारी आपली वडीलधारी माणसे.

प्रथम आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचे मामू धारला राहतात. वय पंचाहत्तर. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. दर महिन्याला ते स्वतः मोटार चालवीत देवासला आमच्याकडे येत. एकदा संध्याकाळी परत निघाले, ते इंदूरच्या रस्त्याऐवजी उज्जैनच्या रस्त्याला लागले. तासाभराने त्यांचा फोन आला, "बेटा, रस्ता बदललाय की काय ?" आम्ही हसून विषय सोडून दिला. पुढे मोटारीच्या डाव्या बाजूस ओरखडे दिसू लागले. तेव्हाही, धारच्या गल्ल्याच अरुंद, अशी आम्ही मनाची समजूत घातली. शेवटी एका सकाळी बाजारात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला आणि भाजीची हातगाडी उलटली. हातगाडीमागे बसलेली मुलगी नुकतीच पाणी आणावयास उठली होती, म्हणून वाचली. मुलांच्या वहीतील चुका आम्ही रोज तांबड्या शाईने दाखवितो. पण घरातील चूक वर्षभर दिसत असूनही बोललो नाही. ही गोष्ट आम्हांस आजही टोचते.

वाहनाची परीक्षा किती कसून होते हे पाहण्यास आपल्याला लांब जावयास नको. धार जिल्ह्यातच पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' ही मोटारींच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. अशा ठिकाणी गाडीचा वेग, ब्रेक, वळणावरील तोल हे सारे पारखले जाते. गाडी हाकणाऱ्याची खरी परीक्षा मात्र बहुधा तरुणपणी एकदाच होते.

कायदा काय म्हणतो ? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तीनुसार पंचावन्न वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला खासगी वाहनाचा परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो. चाळिशी उलटलेल्या अर्जदारास डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पंचवीस मीटरवरील गाडीच्या नंबराची पाटी दिसते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, भोंगा ऐकू येतो काय, हातापायांत काही व्यंग आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. हे प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु डोळ्यांनी जे पाहिले त्याचा अर्थ मेंदू किती लवकर लावतो आणि हातापायांना किती लवकर हुकूम देतो, याची ठराविक चाचणी त्यात नाही.

ज्यांच्या हाती शेकडो प्रवाशांचे प्राण असतात, त्यांच्या बाबतीत मात्र ही काळजी घेतली जाते. रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेत १९६४ पासून मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम चालू आहे. आगगाडीच्या चालकाची वैद्यकीय तपासणी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे निवृत्तीपर्यंत दरवर्षी होते. पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ साली स्थापन झालेली सीआयआरटी ही संस्था बसचालकांचे प्रशिक्षण व चाचण्या यांचे काम करते. म्हणजे वय वाढते तशी तपासणीही वाढावी, हे तत्त्व आपल्या देशाला नवीन नाही. ते अद्याप घरच्या मोटारीपर्यंत आणि स्कूटरपर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

आता मेंदूची ही तपासणी म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. देवासच्या सयाजी द्वाराजवळून स्कूटर नेणाऱ्या माणसाचा विचार करा. समोर बस थांबते, डावीकडून ई-रिक्षा घुसते, मध्येच एक शाळकरी मूल रस्ता ओलांडू लागते. यांपैकी आधी कोणाकडे पाहावयाचे, कोणता वेग किती, ब्रेक दाबावा की वळावे, हा निर्णय एका क्षणात करावा लागतो. यासाठी केवळ स्मरणशक्ती पुरत नाही. एकाच वेळी अनेक गोष्टींवर अवधान ठेवणे, अंतराचा अंदाज घेणे आणि चालू विचार सोडून दुसऱ्याकडे वळणे, या शक्ती लागतात. वयोमानाने त्या काहीशा मंदावतात. स्मृतिभ्रंशाच्या विकारात फारच मंदावतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना हा विकार आहे.

या शक्तींचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर काही सोप्या चाचण्या वापरतात. तीन शब्द सांगून काही मिनिटांनी ते पुन्हा विचारावयाचे, ही एक. दुसरी घड्याळाची. कागदावर वर्तुळ काढून त्यात बारा आकडे मांडावयाचे आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावावयाचे. हीच वेळ निवडण्यात मर्म आहे. 'दहा' हा शब्द कानी पडताच मन १० या आकड्याकडे धावते. पण मिनिटकाटा तर २ वर लावावा लागतो. मनाची पहिली ओढ आवरून योग्य तेच करणे, हीच गोष्ट रस्त्यावरही लागते. तिसरीत आकडे व अक्षरे आळीपाळीने रेषेने जोडावयाची असतात : १ पासून अ, अ पासून २, २ पासून आ, याप्रमाणे. २००५ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे तयार झालेल्या चाचणीत अशा अनेक प्रश्नांना मिळून तीस गुण असतात व सव्वीस किंवा अधिक गुण सामान्यतः ठीक समजतात.

येथे शिक्षक या नात्याने एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. कागदावरील परीक्षा मेंदूबरोबर शाळाही मोजते. ज्या वृद्धाने आयुष्यात पेन्सिल क्वचितच धरली, त्याचे घड्याळ वाकडे आले म्हणून त्याची बुद्धी वाकडी ठरत नाही. मॉन्ट्रियलच्या चाचणीतही बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यास एक गुण अधिक देतात. आपल्या देशात हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांची तपासणी करावयाची होती, तेव्हा इंग्रजी चाचणी जशीच्या तशी न घेता तिचे प्रश्न बदलून हिंदी चाचणी तयार केली गेली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तर घरात मराठी किंवा उर्दू, बाजारात हिंदी आणि खेड्यात माळवी, अशी स्थिती. तेव्हा माणूस ज्या भाषेत विचार करतो, त्याच भाषेत त्याला प्रश्न विचारले पाहिजेत.

दुसरा इशारा याहून महत्त्वाचा आहे. ही तपासणी म्हणजे रोगाचे निदान नव्हे. तांदूळ निवडताना खडा शंकेने बाजूस काढतात, तसे हे आहे. तो खडाच की तांदूळ, ते नंतर नीट पाहावयाचे. गुण कमी पडण्याचे कारण मोतीबिंदू, बहिरेपणा, झोपेच्या गोळ्या, साखर उतरणे, थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची उदासीनता हेही असू शकते. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत.

मग वय झाले की सर्वांची सरसकट परीक्षा घ्यावी आणि नापास होणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा, असे कोणी म्हणेल. डेन्मार्क देशाने तसे करून पाहिले. २००६ साली तेथे सत्तरी गाठलेल्या चालकांसाठी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अशी तपासणी सक्तीची झाली. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, वृद्ध चालकांच्या प्राणघातक अपघातांत फरक पडला नाही. उलट पायी किंवा सायकलवरून जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू मात्र वाढले. मोटार सुटली, पण बाहेर जाण्याची गरज सुटली नाही, हे त्याचे उघड कारण दिसते. २०१७ साली डेन्मार्कने वयावर आधारलेली ही सक्ती उठविली.

जपानचा मार्ग थोडा निराळा आहे. तेथे २००९ पासून पंचाहत्तर वर्षांवरील चालकांना नूतनीकरणाच्या वेळी तपासणी द्यावी लागते. २०१७ पासून शंका आल्यास डॉक्टरकडे जाणे सक्तीचे झाले आणि २०२२ पासून, ज्यांच्या हातून वाहतुकीचे ठराविक नियम मोडले गेले आहेत, अशा वृद्धांना प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. २०१७ च्या बदलानंतर चालकांचे अपघात कमी झाले असे तेथील अभ्यासकांस दिसले. पण पायी व सायकलने जाणारे वृद्ध जखमी होण्याचे प्रमाण तेथेही वाढले. आपणहून परवाना परत करणाऱ्या वृद्धांना बस व टॅक्सीच्या भाड्यात अनेक ठिकाणी सवलत मिळते, ही जपानची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे.

दोन्ही देशांचा धडा एकच. नुसती परीक्षा पुरत नाही; गाडी सोडणाऱ्याच्या जाण्यायेण्याची सोय तिच्याबरोबरच झाली पाहिजे. हा धडा आम्हांस परदेशच्या आकड्यांआधी घरातच मिळाला. हातगाडीच्या प्रसंगानंतर इंदूरच्या डॉक्टरांनी मामूंना तपासले. एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याची शस्त्रक्रिया झाली. झोपेची गोळी बंद झाली. प्रकृती पुष्कळ सुधारली. पण घड्याळाचे आकडे तरीही एकाच बाजूला गर्दी करीत. डॉक्टरांनी मोटार न चालविण्याचा सल्ला दिला. मामूंनी एक शब्दही न बोलता किल्ली आमच्या हाती ठेवली. आम्ही निश्चिंत झालो, आणि तेथेच आमची दुसरी चूक झाली. तीन महिने मामू घराबाहेर पडले नाहीत. देवासचे मित्र, शुक्रवारची नमाज, रोजचा बाजार, सारेच सुटले. आम्ही त्यांची किल्ली घेतली होती. बदल्यात काही दिले नव्हते. मग भाच्यांनी आणि नातवंडांनी वार वाटून घेतले. आता दर शुक्रवारी कोणीतरी त्यांना नेतो आणि महिन्यातून एकदा ते देवासला येतात. पुढच्या आसनावर बसून चालविणाऱ्याच्या चुका काढतात, आणि त्या बहुधा खऱ्या असतात.

हे सर्व लिहिताना एक प्रमाण विसरता कामा नये. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग हे नोंदले गेले. तेव्हा सारा दोष म्हाताऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वय हा गुन्हा नाही. ऐंशीव्या वर्षी नीट गाडी चालविणारे आहेत आणि पासष्टीलाच थांबावयास हवेत असेही आहेत. पाहावयाचे ते माणसाकडे, जन्मतारखेकडे नव्हे.

घरच्यांनी काय पाहावे ? ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, गाडीवर नवे ओरखडे, ब्रेक व ॲक्सिलरेटर यांची गल्लत, चौकात फार वेळ थांबून राहणे, सिग्नल ध्यानात न येणे, स्कूटर थांबविताना तोल जाणे. यांपैकी एकापेक्षा अधिक गोष्टी वारंवार दिसल्या, तर चारचौघांत नव्हे, एकांतात आणि आदराने बोलावे. 'तुम्हांला जमत नाही' असे न म्हणता, 'एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, मीही माझे डोळे तपासून घेतो' असे म्हणावे. बोलणे पुढे ढकलू नये.

आणि ट्रस्टने काय करावे ? आमच्या दोन नम्र सूचना आहेत. वर्षातून एकदा धारला व एकदा देवासला ज्येष्ठांसाठी डोळे, कान, साखर, रक्तदाब आणि स्मरण-अवधान यांची तपासणी ठेवावी. निकाल बंद पाकिटात फक्त त्या व्यक्तीच्या हाती द्यावा, म्हणजे कोणी बिचकणार नाही. दुसरी सूचना अशी की, दोन्ही गावांतील तरुण सभासदांची वारांप्रमाणे यादी करावी आणि ज्यांनी वाहन सोडले आहे त्यांना दवाखाना, बँक, प्रार्थनास्थळ व नातेवाइकांकडे नेण्या-आणण्याची व्यवस्था करावी. मध्यप्रदेशची सरकारी बससेवा बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. तेव्हापासून वृद्धांचे परावलंबन वाढलेच आहे. या कामाला मोठी देणगी लागत नाही. थोडे पेट्रोल आणि आठवड्यातील दोन तास लागतात. दुसरी सूचना मान्य झाल्यावाचून पहिली अमलात आणू नये, असा मात्र आमचा आग्रह आहे.

ज्यांनी आपल्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोहोचविले, त्यांना आता पोहोचविण्याची पाळी आपली आहे. येत्या वार्षिक सभेत या सूचनांचा विचार व्हावा, अशी विनंती करून आणि ट्रस्टच्या कार्यास दीर्घायुष्य चिंतून आम्ही हा लेख पुरा करतो.