भुरीला कडुलिंब चालेल, डावणीला त्याच्या भरवशावर राहू नका



ऑक्टोबर छाटणी झाली की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "सर, रासायनिकऐवजी झाडपाल्याचं काही चालेल का?" चालेल, पण कुठल्या रोगावर ते आधी बघू.

भुरी पानाच्या आणि मण्याच्या वरच्या कातडीवर वाढते, म्हणून तेलाचा पातळ थर बसला की ती दबते. कडुलिंब तेल इथे कामाला येतं. डावणीचं तसं नाही. तिचे बीजाणू ओल्या पानाच्या खालच्या बाजूने, पर्णरंध्रातून आत घुसतात आणि रोग पानाच्या आत वाढतो. तेलाचा डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, वरून मारलेला अर्क तिथे पोचत नाही. लसणाच्या अर्कात बुरशी मारणारा घटक आहे हे खरं, पण तो टिकत नाही, आणि पावसाची झड आली की धुऊन जातो. म्हणून पोंगा ते फुलोरा या काळात पाऊस किंवा धुई असेल तर बोर्डो आणि शिफारशीतलीच औषधं. इथे प्रयोग नको, घड कुजले तर वर्ष गेलं.

कडुलिंब तेल मारताना तीन गोष्टी सांभाळा. गंधक आणि तेल यांच्यात किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. फवारणी संध्याकाळी करा. मणी धरल्यावर तेल बंद, कारण मण्यावरची पांढरी लव निघते, माल डागाळलेला दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो. नवीन बाटली असेल तर आधी चार वेलींवर मारून दोन दिवस बघा.

५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी पावडर, १०० लिटर पाणी) हा मुख्यतः किडींसाठी आहे. रात्रभर भिजवा, गाळा, त्याच दिवशी संपवा. तो मारून डावणी थांबली असं कोणी सांगत असेल तर त्या आठवड्यात ऊन पडलं होतं का, हे विचारा!

आता खरी काळजीची गोष्ट. 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकायला येणाऱ्या काही बाटल्यांवर घटक लिहिलेले नसतात, नोंदणी क्रमांकही नसतो. रिझल्ट मात्र दोन दिवसांत! आत काय आहे ते काढणीआधीच्या रेसिड्यू रिपोर्टमध्ये कळतं, आणि तेव्हा बाग तुमची असते, दुकानदाराची नाही. २०१० साली सीसीसीच्या अवशेषांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांचं काय झालं ते जुन्या बागायतदारांना विचारा. बिलावर आणि फवारणी डायरीत नाव लिहिता येत नसेल ते औषध पंपात टाकू नका.

बिनखर्चाचा उपाय तेवढा राहून जातो: बगलफुटी वेळेवर काढा, गर्दीच्या काड्या विरळ करा. हवा खेळली की पान लवकर सुकतं, डावणीला ओल मिळत नाही आणि भुरीवरची फवारणीही आतपर्यंत पोचते.

घरात एखादी हर्बल बाटली आणून ठेवली असेल तर मारण्याआधी लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर टाका. प्लॉटची छाटणी तारीख सोबत लिहा.