बूट कोडमधील कॉमेंट : ‘काय’ नव्हे, ‘का’ लिहा



काशीला मणिकर्णिका घाटाच्या शेजारी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते एका बाजूला चांगलेच कलले आहे आणि पावसाळ्यात त्याचा बराच भाग गंगेच्या पाण्याखाली जातो. मंदिर का कलले, असे मी घाटावर तिघांना विचारले. एकाने आईच्या ऋणाची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने अहिल्याबाईंच्या दासीची, तिसरा म्हणाला जमीन खचली. मंदिर सर्वांना दिसते, पण कलण्याचे कारण दगडाकडे पाहून कळत नाही. म्हणून जितके सांगणारे, तितकी कारणे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट कोडचे नेमके असेच होते. म्हणून या पाठात आपण त्यातील कॉमेंटचा विचार करू.

बूट कोड वेगळा का?

जुन्या पद्धतीच्या पीसीत बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत हेक्स ७सी०० या पत्त्यावर आणतो आणि नियंत्रण त्याच्याकडे देतो. त्या वेळी प्रोसेसर १६ बिटांच्या रिअल मोडमध्ये असतो. ऑपरेटिंग सिस्टिम अजून आलेली नसते, त्यामुळे चूक झाली तर संदेश देणारे कोणी नसते. पडदा काळा राहतो, किंवा मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. साध्या प्रोग्राममध्ये कोड नीट वाचला तर हेतू बहुधा कळतो. बूट कोडमधील ओळीचे कारण मात्र अनेकदा कोडमध्ये नसतेच. ते हार्डवेअरच्या मॅन्युअलमध्ये किंवा इतिहासात असते.

उदाहरण : ए-२० लाइन

बूट कोडमध्ये पोर्ट हेक्स ६४ वर डी१ आणि पोर्ट हेक्स ६० वर डीएफ पाठवलेले तुम्हाला दिसेल. हे पोर्ट कीबोर्ड कंट्रोलरचे आहेत. कर्नल लोड करताना कीबोर्डचे काय काम?

८०८६ प्रोसेसरला २० अॅड्रेस लाइन होत्या, म्हणून १ एमबीच्या पुढचा पत्ता वळून पुन्हा शून्यापासून सुरू होई. काही प्रोग्राम या वळण्यावरच अवलंबून होते. १९८४ मध्ये आयबीएम पीसी-एटी आला. त्यातील ८०२८६ ला २४ लाइन होत्या, त्यामुळे पत्ता वळेना. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ए-२० ही एकविसावी लाइन बंद ठेवण्याची सोय केली गेली, आणि तिचे नियंत्रण कीबोर्ड कंट्रोलरच्या एका मोकळ्या पिनला जोडले. वरच्या ओळी ती लाइन चालू करतात.

माझ्या प्रयोगशाळेतील एका गटाला हे माहीत नव्हते. त्या ओळींपुढे कॉमेंट होती, ‘६४ वर डी१ पाठवा’. कॉमेंट खरी होती, पण निरुपयोगी. कीबोर्ड वापरायचाच नाही म्हणून गटाने त्या ओळी काढल्या. इम्युलेटरमध्ये ए-२० आधीच चालू असल्याने सर्व सुरळीत चालले. जुन्या पीसीवरही चालले, कारण कर्नल लहान होता. १ एमबीवर लिहिलेला कर्नल खरे तर पत्ता शून्यावर जात होता, आणि उडीही वळून तेथेच पोहोचत होती.

पुढच्या वर्षीच्या गटाने कर्नल वाढवला. हेक्स ७सी०० म्हणजे ३१ केबी. कर्नल तेवढा होताच लोड होताना तो चालू बूट कोडवरच लिहिला गेला. त्या मुलांनी आठवडाभर आपल्याच नव्या कोडमध्ये चूक शोधली. चूक वर्षभर जुनी होती, आणि त्यांनी केलेली नव्हती.

कॉमेंटमध्ये काय लिहावे?

१. सुरुवातीची स्थिती. कोड सुरू होताना काय गृहीत आहे ते वर लिहा : कोणता मोड, कोणता पत्ता, डीएल रजिस्टरमध्ये बूट ड्राइव्हचा क्रमांक. सेगमेंट रजिस्टरवर भरवसा ठेवू नये हेही नोंदवा. काही बायोस ०००० : ७सी०० वर उडी मारतात, काही ०७सी० : ०००० वर. पत्ता एकच, पण सीएस वेगळा.

२. कारण. ‘ए-२० चालू करतो, नाहीतर १ एमबीवरचा कर्नल शून्यावर लिहिला जाईल’ एवढे एक वाक्य पुरले असते.

३. क्रम. प्रोटेक्टेड मोडचा बिट लावल्यावर लगेच फार जंप येते. सीएसमध्ये नवा सिलेक्टर भरण्यासाठी ती लागते. ‘ही ओळ हलवू नका’ एवढेच लिहू नका; हलवली तर काय बिघडेल ते लिहा.

४. आकडे. शक्य तेथे आकड्याला नाव द्या. ‘पाच सेक्टर वाचा’ अशी कॉमेंट आणि कोडमध्ये नऊ, हे फार वेळा घडते. नाव दिले की आकडा एकाच जागी बदलावा लागतो.

कॉमेंटने जागा जाते का?

सेक्टरमधून सहीचे दोन बाइट वजा जाता ५१० उरतात. पार्टिशन टेबल असेल तर त्याचे ६४ वजा होऊन ४४६. जागा खरोखर तुटपुंजी आहे. पण असेंबलर कॉमेंट वगळतो, त्यामुळे तिला एकही बाइट लागत नाही. उलट जागा वाचवण्यासाठी केलेली प्रत्येक युक्ती कोड अवघड करते. तिथे कॉमेंटची गरज सर्वांत जास्त असते.

कारण लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. यूईएफआयने सुरू होणाऱ्या मशीनवर ए-२० ची पायरी लागत नाही. कारण लिहिलेले असेल तर ओळ केव्हा काढता येईल हेही कळते. नसेल तर पुढचा माणूस एकतर भीतीने ती कायम ठेवतो, किंवा न समजता काढून टाकतो.

स्वाध्याय

तुमचा बूट सेक्टर वर्गातील दुसऱ्या गटाला द्या. प्रत्येक ओळ काढली तर काय होईल, हे त्यांनी फक्त तुमच्या कॉमेंट वाचून सांगायचे. जिथे ते अंदाज करू लागतील, तिथे तुमची कॉमेंट राहिली आहे असे समजा.