झाड संत्र्याचं, मुळं जंबेरीची

विदर्भात आष्टी, कारंजा, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांत जमिनीखाली संत्र्याचं मूळ नसतं. रोपवाटिकेत आधी जंबेरीचं किंवा रंगपूर लिंबाचं रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. कलम घेताना आपण डोळा कोणत्या झाडाचा ते विचारतो. खुंटाची, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपाची, चौकशी क्वचितच होते, आणि बाग मरते ती बहुधा खुंटाकडून.

भारी काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचलं की फायटोफ्थोराला रान मोकळं मिळतं. तो बुरशीसारखा दिसतो, पण वंशाने तपकिरी शैवालांच्या जवळचा. त्याचे बीजाणू साचल्या पाण्यात पोहत, मुळांतून झिरपणाऱ्या रसाचा माग काढत येतात. तंतुमुळं कुजतात, बुंध्याची साल तडकून डिंक वाहू लागतो. हाच डिंक्या. जंबेरी त्याला लवकर बळी पडते, रंगपूर त्या मानाने तग धरतं.

मात्र मूळ एकटं लढत नाही. लिंबूवर्गीय झाडांना मूलरोम फार कमी. ती उणीव मायकोरायझा ही मुळांत राहणारी बुरशी भरून काढते: तिचे धागे दूरवरचा स्फुरद आणून देतात, झाड तिला साखर पुरवतं. अमेरिकेत रोपवाटिकांची माती औषधी धुरीने निर्जंतुक केली, तेव्हा लिंबूवर्गीय रोपं खुरटली. मातीतली मायकोरायझा नाहीशी झाल्यामुळे हे घडलं, असं १९७२ साली दाखवून दिलं गेलं. रोगाबरोबर सोबतीही मारले गेले होते. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो.

मुळाभोवतीचे स्यूडोमोनाससारखे जिवाणू मातीतलं लोह आधीच पळवून रोगजंतूंची उपासमार करतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगाच्या धाग्यांना वेढून त्यांची भिंत विरघळवते. काही सूक्ष्मजीव तर झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीच जागी करतात.

पण पाणी तुंबलेल्या मातीत हवा उरत नाही, आणि तिथे या सोबत्यांचाही निभाव लागत नाही. म्हणून आधी निचरा हवा. डोळा जमिनीपासून वीतभर उंच भरलेला असावा, लावताना तो मातीत गाडू नये. दुहेरी आळं करून पाणी बुंध्यापासून लांब ठेवावं. ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, वाफशावर द्यावी. बुंध्याला तांबेयुक्त बोर्डो मलम जरूर लावावं, पण मुळाशी तांबेयुक्त औषध ओतून लगेच ट्रायकोडर्मा टाकू नये. ते तांबं तिलाही मारतं.