दगडातील धातूचा ठाव प्रकाशाने

परभणी जिल्ह्यातील काळी कसदार जमीन ज्या बेसाल्टपासून तयार झाली, तो दख्खनचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. लाव्हातील वायूंमुळे खडकात पोकळ्या राहिल्या. तेथे झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून दख्खनमध्ये अनेक ठिकाणी झिओलाइटचे स्फटिक वाढले. विहिरी खोदताना व खाणींत मिळणारे हे चमकदार दगड संग्राहकांना प्रिय आहेत. रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्यांच्या आतील सूक्ष्म पिंजऱ्याचे मोल अधिक वाटते.

सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या या पिंजऱ्यावर ऋण भार असतो. तो संतुलित करणाऱ्या सोडियम वा कॅल्शियमच्या आयनांच्या जागी तांबे, लोह यांसारख्या संक्रमणी धातूंचे आयन बसवता येतात आणि झिओलाइट उत्प्रेरक बनतो.

धातू किती आहे, हे रासायनिक पृथक्करणातून कळते. तो कोणत्या अवस्थेत आहे, हे कळण्यासाठी वर्णपट पाहावा लागतो. आयनावरील भार आणि भोवतालच्या अणूंची रचना बदलली, की तो शोषून घेत असलेल्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते. झिओलाइटच्या सोबतीने आढळणाऱ्या पुण्याच्या हिरव्या अॅपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियममुळे आहे, हे अमेरिकेतील जॉर्ज रॉसमन यांनी १९७४ मध्ये वर्णपटावरूनच दाखवले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी व डी. श्रीनिवास यांनी झिओलाइटसारख्याच टायटॅनियम सिलिकेटचा असा अभ्यास केला. टायटॅनियम सांगाड्यात एकेकटे बसले असेल, तर ते २१० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषते. बाहेर ऑक्साइडच्या रूपात साचले, तर शोषण ३३० नॅनोमीटरकडे सरकते. धातूचे प्रमाण तेवढेच, पण पहिला पदार्थ उपयुक्त, तर दुसरा कुचकामी ठरू शकतो.

हा फरक शहरातील श्वासाशीही निगडित आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांसाठी अनेक डिझेल वाहनांच्या धूरनळीत तांबे किंवा लोहयुक्त झिओलाइट वापरले जाते. युरियापासून मिळणाऱ्या अमोनियाच्या साह्याने ते विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात करते. अतिउष्णतेने तांब्याचे आयन पिंजऱ्यातील जागा सोडून ऑक्साइडच्या रूपात एकत्र आले, तर ही क्षमता घटते. बाहेरून उत्प्रेरक जसाच्या तसा दिसतो. आतला बिघाड वर्णपटात उमटतो.