खाडीचा चिखल आणि पंचांचा शब्द

मानखुर्द स्टेशन सोडून गाडी वाशीच्या पुलाकडे निघाली की दोन्ही बाजूंना खाडी लागते. सकाळी कॉलेजला जाताना जिथे पाणी चमकत असते, तिथे परतताना नुसता चिखल आणि तिवरांची झुडपे दिसतात. जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे कुणी छातीठोकपणे सांगावे? आमच्या या चिखलावरून कुणी रणगाडे आणले नाहीत, हे आमचे भाग्य! पण अशाच एका दलदलीवरून दोन देशांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या. ती दलदल म्हणजे कच्छचे रण.

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण या भांडणाचे मूळ आपल्या मुंबईच्या दप्तरात सापडते. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि कच्छ हे संस्थान. दोघांमधला तंटा 1914 साली मुंबई सरकारने एका ठरावाने मिटवला, तोही पश्चिमेकडच्या भागापुरता. पुढे फाळणी झाली, आणि घरातल्या घरातली हद्द एकाएकी दोन राष्ट्रांची सरहद्द बनली. 1956 ते 1960 या काळात तर कच्छ आपल्याच द्विभाषिक मुंबई राज्यात होते.

पाकिस्तानचे म्हणणे असे, की रण हा जवळजवळ समुद्रच. तेव्हा सीमा त्याच्या मधोमध धरावी. भारताचे म्हणणे असे, की रण ही जमीन आहे, ती कच्छची आहे, आणि सीमा तिच्या उत्तर काठाने जाते. मधला वादग्रस्त मुलूख सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांचा. एप्रिल 1965 मध्ये तिथे तोफा धडाडल्या. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मध्ये पडले आणि 30 जून 1965 रोजी करार झाला: आपसांत जमले नाही तर तीन पंच नेमायचे, त्यांत भारताचा किंवा पाकिस्तानचा नागरिक नसावा, आणि निर्णय दोघांवर बंधनकारक राहील.

गंमत पाहा. या करारानंतर दोनच महिन्यांनी ही दोन राष्ट्रे उघड युद्धात उतरली. तरीही करार मोडला नाही! भारताने युगोस्लाव्हियाचे बेबलर यांना निवडले, पाकिस्तानने इराणचे एंतेझाम यांना. अध्यक्ष म्हणून स्वीडनचे न्यायाधीश लागेरग्रेन यांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांनी नेमले. जिनिव्हात जुने नकाशे, गॅझेटियर, संस्थानी पत्रव्यवहार यांचा ढीग उपसला गेला. कुणाची गुरे कुठे चरत होती आणि चराईवर हुकूम कुणाचा चालत होता, इथपर्यंत चौकशी झाली.

19 फेब्रुवारी 1968 रोजी निकाल लागला. नऊ-दशांश मुलूख भारताकडे राहिला. छाड बेट, धारा बन्नी ही गवताळ ठिकाणे आणि नगर पारकरलगतचे काही तुकडे मिळून सुमारे साडेतीनशे चौरस मैल पाकिस्तानकडे गेले. बेबलर यांचे मत वेगळे पडले. निर्णय दोन विरुद्ध एक असा झाला. देशात वादळ उठले, विरोधी पक्षांनी कच्छमध्ये सत्याग्रह केला. पुण्याचे मधू लिमये आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जानेवारी 1969 मध्ये सांगितले, की ही भूमी देऊन टाकणे नव्हे, अनिश्चित सीमा निश्चित करणे आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती नको. त्याच वर्षी खांब रोवले गेले.

जी सरक्रीकची खाडी लवादापुढे ठेवलीच नव्हती, तिचा वाद मात्र अजून भिजत पडला आहे. उलट बंगालच्या उपसागरातील बांगलादेशाशी असलेला वाद लवादाने 2014 साली मिटवला. वादग्रस्त क्षेत्राचा मोठा वाटा बांगलादेशाला गेला, तरी भारताने निर्णय मानला.

हे सारे मी आमच्या शेजारच्या अण्णांना सांगत होतो. अण्णा मूळचे बेळगावचे, निवृत्त शिक्षक. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "सर, परक्या देशांशी पंच चालतात. मग आमचं घोडं कुठं अडलं?"

प्रश्न जिव्हारी लागण्यासारखा होता. 1966 साली सेनापती बापटांनी उपोषण केले, महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला. 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 म्हैसूरला, पण बेळगाव म्हैसुरातच, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो नाकारला. 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा गेला. दोन दशके उलटली, निकाल नाही.

मी म्हटले, "अण्णा, आयोग शिफारस करतो, लवाद निवाडा देतो. रणाच्या वेळी निकाल ठाऊक नसताना दोघांनी आधी शब्द दिला होता."

अण्णा हसले. "म्हणजे पंचांचं म्हणणं शिरसावंद्य, पण पन्हळ मात्र इथंच पडणार, असं म्हणून भागत नाही."

"नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "शब्द देणं सोपं नाही हो, सर. उद्या पंचांनी बेळगाव तिकडंच ठेवलं, तर मी काय करीन, हे माझं मलाच सांगता येत नाही."

मला वाटते, सगळ्या सीमातंट्यांची खरी अडचण अण्णांनी त्या एका वाक्यात सांगितली. नकाशे मिळतात, पंचही मिळतात. हरण्याची तयारी ठेवून पंचांपुढे उभे राहणारे मात्र क्वचितच मिळतात. 1965 साली, तोफा तापलेल्या असताना, ते मिळाले होते एवढे खरे.